आजची रेफरी

क्लिफर्डनं रिकामा ग्लास स्वतः उचलून बारवर आणून ठेवला, वर "थँक यू" म्हणाला, आणि ग्लेनिस हॅलिवेलच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं. हा माणूस आजवर खिडकीजवळच्या बाकावरून "ग्लेनिस, इथं माणसं तहानेनं मरतायत" अशी हाळी घालत आलेला.

"बरं नाही का तुला?" तिनं विचारलं.

"मला? ठणठणीत आहे."

"मग ग्लास का आणून दिलास?"

क्लिफर्डनं उगाच टोपी सारखी केली. "म्हटलं, आज तुला कशाला त्रास."

त्याच्यामागे इरफान आणि आर्नल्ड निघायच्या तयारीत उभे होते. तिघांच्याही गळ्यात क्रॅगली टाऊन फुटबॉल क्लबचे हिरवे-पांढरे मफलर. इरफान टॅक्सी चालवायचा. दारूला शिवायचा नाही, पण एका लिंबू-सोड्यावर तीन तास भांडायची ताकद त्याच्यात होती. आर्नल्ड तरुणपणी क्रॅगलीचा गोलकीपर होता. आता गुडघे गेले होते, आवाज तेवढा राहिला होता. शनिवारी दुपारी हे तिघं तिच्या ‘शटल’ पबमधून बाहेर पडले की कालव्यावरच्या पुलापर्यंत रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार चालायचा. मॅच अजून सुरूही झालेली नसायची.

आज तिघंही मयताला निघाल्यासारखे गप्प होते. आजची रेफरी ग्लेनिसची मुलगी होती.

हे सकाळीच ठरलं होतं. नेमलेल्या रेफरीची पाठ धरली, आणि असोसिएशननं रोवेनाला फोन केला. ती आता लँकेस्टरला राहायची, पण गाव आपलं आहे हे तिनं लगेच सांगून टाकलं. दुसरं कोणी मोकळं नव्हतं. समोरच्या संघाच्या, थॉर्नक्लिफच्या लोकांना विचारलं, त्यांची हरकत नव्हती. मोसमाचा शेवटचा सामना. क्रॅगलीला नुसती बरोबरी पुरत होती. हरले तर खालच्या लीगमध्ये.

"तू येत नाहीस?" आर्नल्डनं दारातून विचारलं.

"पब कोण बघणार?"

ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. ते तिघं गेल्यावर ग्लेनिसनं टेबलं पुसली, पुसलेली टेबलं पुन्हा पुसली, आणि रिकाम्या बाटल्यांचा क्रेट घेऊन मागच्या अंगणात गेली. कालव्यापलीकडे मैदान होतं. तिथून काही दिसत नसे, पण ऐकू सगळं येई, आणि इतक्या वर्षांत तिला मैदानाचा आवाज वाचता येऊ लागला होता. आपला माणूस बॉल घेऊन सुटला की आवाज जिन्यानं वर चढल्यासारखा चढायचा. संधी हुकली की एकदम खाली बसायचा.

मध्येच शिट्टी ऐकू आली, तसा तिचा हात क्रेटवर घट्ट झाला. ही शिट्टी तिच्या मुलीची होती.

मागच्या महिन्यात रोवेना आली होती, तेव्हा तळघराच्या पायरीवर बसून बुटांचा चिखल काढता काढता म्हणाली होती, "आई, हा मोसम झाला की मी सोडणार आहे."

"शिव्या देतात म्हणून?"

"शिव्यांचं काय एवढं? मी तुझ्या बारमागं वाढलेय." ती चिखल खरवडत राहिली. "एक तर ओरडतात, जा, घरी जाऊन भांडी घास. नाही तर मॅचनंतर येऊन पाठ थोपटतात, छान केलंस हं पोरी. माझा निर्णय चुकला असं कोणी म्हणतच नाही गं. मी काय निर्णय दिला, तिथवर कोणी पोचतच नाही."

ग्लेनिसनं नुसता दुसरा बूट हातात घेतला होता.

मध्यंतर झालं, गेलं. आवाज चढत होता, बसत होता, गोल कुठलाच नव्हता. बरोबरी. ग्लेनिसनं मनाशी म्हटलं, अशीच संपू दे, देवा, कुणाला काही ठरवावं लागू नये. एवढ्यात एक लांब शिट्टी झाली. क्षणभर पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. मग सबंध मैदान एका घशानं ओरडलं, आणि ते आनंदाचं ओरडणं नव्हतं. ते ओसरलं तेव्हा लांबच्या टोकाकडून, जिथं पाहुण्यांची माणसं उभी राहतात, बारीक आरोळी आली.

ती आत येऊन बारमागं उभी राहिली.

पब हळूहळू भरू लागला. एरवी दार लाथेनं उघडणारी माणसं आज खांद्यानं हलकेच ढकलून आत येत होती. हे तिघं शेवटी आले. क्लिफर्डनं पायपुसण्यावर पाय पुसले, एक झाला की दुसरा.

"कशी झाली?"

"एक-शून्य," तो म्हणाला. "गेलो खाली."

"गोल कसा झाला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पेनल्टी," इरफान म्हणाला.

"पण पोरीनं मॅच छान सांभाळली," आर्नल्ड घाईघाईनं म्हणाला. "छानच."

"सोपं नसतं," क्लिफर्ड म्हणाला. "पळावं लागतं केवढं."

"आणि शिट्टी," इरफान म्हणाला. "शिट्टी कशी खणखणीत वाजवते."

ग्लेनिसनं बिअरचा नळ बंद केला. ग्लास अर्धाच भरला होता.

"पेनल्टी होती का?"

तिघं आपापल्या मफलरशी चाळा करू लागले. शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या.

"क्लिफर्ड, तुला विचारतेय. होती का?"

"आता... तिला तसं दिसलं असेल."

"तुला काय दिसलं?"

"जाऊ दे ना, ग्लेनिस. तुझी मुलगी..."

"मुलगी इथं. तिकडं कोण होती?"

क्लिफर्ड हातातल्या टोपीकडे बघत म्हणाला, "रेफरी."

"मागं तो टकला रेफरी आला होता. त्यानं एक कॉर्नर दिला नाही, तर तू याच बारवर मूठ आपटून माझी व्हिनेगरच्या अंड्यांची बरणी फोडलीस. आठवतं? नुसता कॉर्नर! आज क्रॅगली खाली गेली आणि तू मला सांगतोस, पळावं लागतं केवढं?" तिचा आवाज चढला नव्हता, पण पार कोपऱ्यापर्यंत जात होता. "तो टकला काय तिच्यापेक्षा मोठा लागून गेला?"

क्लिफर्डचं तोंड लाल झालं होतं. पुलापासून त्यानं काहीतरी गालात धरून ठेवलं होतं, आणि ते आता मावत नव्हतं.

"आंधळी आहे ती!" तो ओरडला. "ठार आंधळी! पेनल्टीच्या चौकटीच्या हातभर बाहेर होता तो, हातभर!"

"हातभर कसला?" इरफान उसळला. "माझी टॅक्सी मध्ये लावली असती, दारं उघडून!"

"आणि पाय लागलाच नाही त्याला," आर्नल्डनं गोलकीपरचा आवाज काढला. "बटाट्याचं पोतं पडतं तसा पडला तो! कुठंही बघ म्हणावं, पायाकडे तेवढं बघू नकोस!"

मग कोणी थांबेना. मागच्या टेबलावरून कोणी दुसऱ्या हाफमधला फाउल काढला, खिडकीतून कोणी ऑफसाइड काढला. टेबलांवर मुठी पडू लागल्या. "ग्लेनिस, इथं माणसं मरतायत!" अशी हाळी आली, आणि ती एकामागून एक ग्लास भरू लागली. पाठ ताठ होती. हा पब इतकी वर्षं ती जागता ठेवत आली होती, पण आज तो आपला आहे असं तिला जितकं वाटलं तितकं क्वचितच वाटलं असेल.

मागच्या दारानं रोवेना आली. केस ओले, खांद्याला बॅग. पहिल्यांदा कोणाच्या लक्षातच आलं नाही. क्लिफर्ड उभा राहून सांगत होता, "असल्या रेफरीला धरून कालव्यात..."

त्यानं तिला पाहिलं. त्याच्या पाठोपाठ सगळ्यांनी पाहिलं.

रोवेनानं आईकडे बघितलं. ग्लेनिस ग्लास पुसत होती. तिनं ना हसून दाखवलं, ना कोणाला दटावलं.

रोवेनानं बॅग खाली ठेवली. "कालव्यात काय, काका?"

क्लिफर्डनं ग्लेनिसकडे एकदा पाहिलं. तिकडून सुटका दिसेना.

"बुडवावं," तो म्हणाला. "नव्हती ती पेनल्टी."

रोवेनाच्या कपाळावरची आठी सैल झाली. तिनं स्टूल ओढलं आणि तिघांच्या मध्ये बसली.

"तुम्ही कुठं उभे होता?"

"नेहमीच्या जागी."

"म्हणजे खांबामागं."

"खांबाच्या बाजूला!"

"बरं, बाजूला." तिनं त्याचा ग्लास ओढून टेबलाच्या मध्यावर ठेवला. "ही लाइन. हा तुमचा डिफेंडर हार्ग्रीव्हज. पाय इथं."

"इथं कसला, इथं!" इरफाननं आपला लिंबू-सोडा वीतभर मागं सरकवला.

"इरफानचाचा, तिथं तर मैदानाची मधली रेघ येते."

टेबलाभोवती माणसं गोळा झाली. ग्लास पुढं सरकत होते, मागं सरकत होते, बिअर सांडत होती. आर्नल्ड पडून कसं दाखवावं याचा विचार करत होता, पण गुडघे परवानगी देत नव्हते. रोवेना बोटानं टेबलावर रेघ मारत होती, आणि तिचा आवाज आता कोणापेक्षा खाली नव्हता.

"पुढच्या मोसमात मी गोलच्या मागंच उभा राहतो," क्लिफर्ड म्हणाला. "मग बघतो तू कशी देतेस."

"राहा," ती म्हणाली. "मी जवळच असेन."

ग्लेनिसनं पुसलेला ग्लास दिव्याकडे धरला, आणि पुन्हा पुसायला घेतला.

बारपाशी एक अनोळखी माणूस उभा होता. गळ्यात थॉर्नक्लिफचा लाल मफलर, तोही अर्धा कोटात लपवलेला. त्यानं हळूच एक पिंट बिअर मागितली आणि टेबलाकडे मान केली.

"त्या पोरीला सगळे इतकं का धरून बसलेत? कोण आहे ती?"

ग्लेनिसनं नळ उघडला. फेस वर येईतो ती ग्लासकडे बघत राहिली.

"आजची रेफरी," ती म्हणाली.

"अरे बापरे. आणि तुम्ही तिला आत येऊ दिलंत? असं बोलतात तिला, काही वाटत नाही?"

"इथं सगळ्याच रेफरींना असं बोलतात," ग्लेनिस म्हणाली, आणि काठोकाठ भरलेला ग्लास, एक थेंबही न सांडता, त्याच्यापुढं ठेवला.