सकाळचे सात सेकंद

एवढे वाचायला तुम्हाला दोन सेकंद लागले, मित्रांनो. मोजल्याशिवाय मला राहवत नाही. मी एक जुने स्टॉपवॉच आहे. आधी शाळेच्या मैदानावर होतो. काच तडकली, तसा एका परिचारिकेच्या पिशवीत आलो.

ती रोज सकाळी मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या माणसांच्या घरी जाते. या आजारात मेंदूचे निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाहीत. फरशीवर आठ मीटर आखायचे, माणसाने चालायचे, मी मोजायचे. मग ठरते, कोणाकडे मदतनीस पाठवायची.

"याचा आकडा चुकत नाही," ती सांगायची. मी फुगायचो.

सात सेकंद.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई इतक्या झटपट चालल्या. इस्त्रीचे कपडे, नीट विंचरलेले केस.

"वा! मलाच मागे टाकाल तुम्ही."

"मग काय ताई, परीक्षा म्हटल्यावर पास व्हायलाच हवं!"

"आई, खरं सांग ना," मुलगी म्हणाली. तिची रजा शनिवारी संपत होती.

"गप गं. आल्यागेल्यासमोर रडगाणं कशाला?"

परिचारिकेने लिहिले: मदतीची गरज नाही. आणि घाईघाईत मला शिलाई मशीनवरच विसरून गेली.

दार लागले. बाई मटकन खाली बसल्या.

"दोन दिवस अंथरुणात पडून राहिलीस, ते या सात सेकंदांसाठी?" मुलीचा आवाज चिरकला.

दुपारी तीन. बाई मोरीकडे निघाल्या. तेवढेच अंतर. मुलीने रागाने माझे बटण दाबले.

दहा.

बावीस. भिंत धरली.

एकोणचाळीस. "हात दे गं, हात—"

मुलगी धावली. मी फरशीवर पडलो. त्या दोघीही.

मला कोणी थांबवलेच नाही.

परिचारिका मला न्यायला आली, तेव्हा मी अकरा मिनिटांवर होतो. आईचे डोके मुलीच्या मांडीवर होते. परिचारिका तशीच खाली बसली.

"रोज दुपारी असंच होतं?"

बाईंनी आधी मुलीकडे पाहिले. खूप वेळ. मी मोजला नाही.

"रोज," त्या म्हणाल्या. "नापास करा मला."

परिचारिकेने लिहिलेले खोडले. मदतनीस शनिवारपर्यंत येईल का, मला ठाऊक नाही. मला दुसरेच छळते आहे. इतकी वर्षे मी किती घरांतल्या नुसत्या सकाळी मोजल्या? ते सगळे आकडे बरोबर होते.

मित्रांनो, माझी काच तडकलेलीच राहू द्या. पण मला घेऊन कोणाच्या दारी जाल, तर दुपारी पुन्हा एकदा जा.