निवडीत न आलेला फोटो

दिंद्रुडचा फोटो स्टुडिओ बंद करून वनमाला बीडच्या सायबर ठाण्यात कंत्राटी सहायक म्हणून लागली, त्याला तीन महिने झाले होते. पंधरा वर्षं तिनं लग्नाचे अल्बम केले. वारलेल्या आजोबांना मागच्या रांगेत उभं केलं, नवरीचे मिटलेले डोळे उघडले. मग घरोघरी मोबाईल आले अन् गिऱ्हाईक आटलं. ठाण्यात तिच्याकडं काम होतं ते फक्त तक्रारी टाईप करण्याचं.

त्या दिवशी नांदूरघाटचे शहादेव आपल्या कॉलेजातल्या मुलीला, सायलीला घेऊन आले. भलत्याच बाईच्या उघड्या अंगावर सायलीचा चेहरा चिकटवून कुणीतरी तो फोटो तिला खोट्या नावानं पाठवला होता. सांगेन तिथं ये, नाहीतर गावभर करीन, अशी धमकी सोबत.

"खातं कुणाचं ते कंपनीकडून कळायला दिवस जातील," फौजदार रोहिणी मॅडम म्हणाल्या.

"त्यानं उद्याचीच मुदत दिलीय," सायली खाली मान घालून म्हणाली.

तक्रार टाईप करणारे वनमालाचे हात थांबले. "मॅडम, मी बघू का जरा?"

तिनं फोटो मोठा केला. मानेजवळचा सांधा सफाईनं बुजवला होता; नवशिक्याचं काम नव्हतं. पण तिची नजर खिळली ती चेहऱ्यावर. डोळे अर्धे मिटलेले, तोंड बोलता बोलता उघडलेलं, केसांत अक्षता.

"हा कवाचा फोटो हाय, सायली?"

"चुलत बहिणीच्या लग्नातला असंल. पण असा फोटो मी कुठंच बघितला न्हाई. अल्बममधी बी न्हाई."

वनमालानं स्क्रीन मॅडमकडं वळवली. "न्हाईच दिसायचा. डोळे मिटलेला फोटो आमी गिऱ्हाइकाला दाखवतच न्हाई, बाजूला काढतो. अन् गालावरचा उजेड बघा, मॅडम, फोटोवाले लाईटला छत्री लावतात त्या छत्रीच्या लाईटचा हाय. मोबाईलचा फोटो न्हाई हा. ज्यानं लग्नाचे फोटो काढले, त्याच्याच कॉम्प्युटरमधी हा असणार."

"ते काम एकट्या अंगदनं केलतं," शहादेव उठलेच. "केजला दुकान हाय त्याचं."

मॅडमनी जीप काढायला सांगितली. "वनमालाताई, तुम्हीही चला."

केजच्या दुकानात अंगद आधी हसला. "सगळे फोटो मी कवाच देऊन टाकले. कुणीबी केलं असंल."

पंचांसमोर वनमाला त्याच्या कॉम्प्युटरपुढं बसली. निवडलेल्या फोटोंकडं तिनं पाहिलंही नाही. निवडीत न आलेल्यांचा कप्पा उघडला अन् बोटं भराभर चालली. हळद, मंडप, पंगत, अक्षता. तिथंच सायली होती, अर्ध्या मिटल्या डोळ्यांची. शेजारी दुसरी प्रत, त्याच चेहऱ्याची, भलत्या अंगाला अर्धवट जोडलेली. अंगदचं हसू मावळलं. मॅडमनी त्याचा मोबाईल मागितला. खोटं खातं त्यातच उघडं सापडलं.

मॅडमनी सायलीला फोन लावून वनमालाच्या हातात दिला. "सापडला गं," वनमाला म्हणाली. पलीकडं बराच वेळ फक्त रडणं ऐकू येत होतं. मग सायली म्हणाली, "ताई, उद्या पेपर हाय माझा. आता जाईन मी द्यायला."

परतीच्या वाटेवर वनमालानं नवऱ्याला, राधाकिशनला, फोन लावून सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "ऐकलं की." तरी तिनं छत्रीच्या उजेडापासून पुन्हा सुरुवात केली.