थंडीची खोटी खबर

मित्रांनो, मी एक जुना, थकलेला संगणक आहे. आर्वोआजोबांच्या गाडीत, इंजिनाशेजारी एका पत्र्याच्या डबीत राहतो. अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटाचे किती हिवाळे सोसले, ते त्या जगन्नाथालाच ठाऊक!

मला डोळे नाहीत. श्रवणभक्तीवरच माझा संसार. एक संवेदक सांगतो, हवा इतकी आली. दुसरा सांगतो, इंजिन इतके तापले. ते ऐकून मी पेट्रोलच्या पिचकाऱ्या निमिषभर उघडतो. गार इंजिनाला जास्त पेट्रोल, तापलेल्याला कमी. जन्मभर हेच. थकायला होते हो.

त्यात उष्णता सांगणारा संवेदक बिघडला. तापल्या इंजिनालाही तो "गारठलंय, गारठलंय" म्हणू लागला. मला संशय आला, म्हणून आजोबांसमोर पिवळा दिवा लावला. त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. "गाडी चालतेय ना? मग झालं!"

एका सकाळी ते हिल्माआजींना रक्त शुद्ध करून घ्यायला डुलुथच्या इस्पितळात नेत होते. उशीर झाला तर यंत्रावरचा त्यांचा नंबर जाणार होता. वाटेत पेट्रोल भरायला गाडी बंद केली. पुन्हा किल्ली फिरवताच, त्या खोट्या खबरीवर मी भरमसाट पेट्रोल सोडले. ठिणगी पाडणारे प्लग चिंब भिजले आणि गाडी सुरूच होईना.

आजोबा जुन्या कार्बोरेटरच्या काळातले; तेव्हा पेडल दाबून इंजिनात पेट्रोल ढकलावे लागे. ते पेडल दाबू-सोडू लागले.

"अहो, गाडी सुरू करताय की पोल्का नाचताय?"

"अगं, बाबांचा ट्रक असाच सुरू व्हायचा!"

"तो कधीच भंगारात गेला. आता माझा नंबरही घालवा! पाय गप ठेवा बघू!"

आजींनी दोन्ही हातांनी त्यांचा गुडघा खाली रेटला. पेडल तळाला टेकले. आजोबांनी किल्ली फिरवली.

पेडल तळाला असताना किल्ली फिरली, की पेट्रोल पूर्ण थांबवायचे, ही आज्ञा माझ्यात कोरलेली आहे. मी पिचकाऱ्या मिटल्या. नुसती हवा आत खेळली, प्लग सुकले, आत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन खोकत जागे झाले.

"बघ, केली की नाही सुरू! आता हात काढ, नाहीतर उडेल गाडी."

"आधी मला पोचवा. मग सरळ गॅरेज. आजच!"

देवाच्या कृपेने आजींचा नंबर चुकला नाही. संध्याकाळी गॅरेजात नवा संवेदक बसला आणि खूप दिवसांनी मला खरे ऐकू आले.

मित्रांनो, कौतुक नको मला. घरात, गाडीत कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. तो भांडत नसतो. तुम्ही सुखरूप पोचावे, एवढ्यासाठीच दमला तरी बोलत असतो.