सोज्वळ सुमतीला कोणी नेत नाही

मी एक कादंबरी बोलतेय. नाव 'सोज्वळ सुमती'. नाक मुरडू नका, नाव लेखकाने ठेवलं, मला कोणी विचारलं नव्हतं.

धरणगावच्या एका वाचनालयात मी नवीकोरी आले, तेव्हा ग्रंथपाल रुपचंद नानांनी मला नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाले, "पुस्तक असावं तर असं. आईबहिणीसमोर खुशाल वाचावं." झालं! त्या शिफारशीनेच माझा घात केला. आईबहिणीसमोर वाचता येतं ते पुस्तक मुद्दाम न्यायला येतंय कोण?

माझी शेजारीण 'रक्तपिपासू रेश्मा'. पहिल्या पानावर शिवी, तिसऱ्यावर मुडदा, आणि पुढचं मी सांगणार नाही. मला ते सगळं पाठ आहे, ही गोष्ट वेगळी. ती कधी कपाटात टिकायचीच नाही. यायची ती चहाचे डाग, खोबरेल तेलाचा वास मिरवत, आणि दम खाते न खाते तोच पुन्हा कोणाच्या तरी हातात. मी जळायचे. खोटं कशाला बोलू? माझी पानं दमटपणाने एकमेकींना चिकटून बसली होती.

मग मोबाइल आले. खून, शिव्या, उघडंनागडं, सगळं लोकांच्या खिशात आलं. म्हटलं, आता उतरेल हिची मिजास. कसलं काय! गिऱ्हाईक थोडं घटलं, ते माझं. म्हणजे जे नव्हतंच ते.

नानांची एक पद्धत होती. नेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून ते झाडून सगळ्या पुस्तकांना सारखंच खाकी कव्हर घालायचे. वर फक्त नंबर. आत संतचरित्र आहे की रेश्मा, रस्त्यावरच्याला कळू नये.

यंदा वाचनालयाच्या मंडळाने ठरवलं, कोणी नेत नाही ती पुस्तकं रद्दीत काढायची. माझा जीव टांगणीला लागला. एकदा, फक्त एकदा कोणीतरी न्यावं! नाना तेव्हा फाटकी कव्हरं बदलत होते, आणि गप्पांच्या नादात त्यांनी माझा नंबर तिच्यावर टाकला, तिचा माझ्यावर.

यशोदाबाई आल्या. त्यांच्या गल्लीतल्या बाया बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायला बसल्या की या त्यांना वाचून दाखवतात. "नाना, काही घरंदाज द्या बरं," त्या म्हणाल्या. नानांनी माझा नंबर काढला, आणि माझ्या नावावर रेश्मा निघाली!

मागोमाग गॅरेजवाला प्रकाश आला. खालमानेने तिचा नंबर पुटपुटला आणि मला शर्टाच्या आत लपवून घरी नेलं. शर्टाच्या आत! माळ्यावर बसून त्याने माझं एकेक पान बोट ओलं करून उलटलं. चिकटलेली पानं हलक्या हाताने सोडवली. आता मुडदा पडेल, आता पदर ढळेल, म्हणून शेवटपर्यंत सोडलं नाही. इतक्या ओढीने मला कोणी हातात धरलं नव्हतं. आणि ती सगळी ओढ तिच्या वाट्याची होती.

परत आला तो तणतणतच. "नाना, पहिलं पान ते शेवटलं पान, बठ्ठं वाची काढं! एक खून नई, एक शिवी नई. ती सुमती नुसती दिवा लावस नि रडस."

नानांनी मला टेबलावर ठेवून कव्हर सोडवलं आणि कपाळावर हात मारला. तोच यशोदाबाई रेश्मा घेऊन दारात.

"अक्का, माफ करा. चूक झाली. त्यात शिव्या फार..."

"शिव्या?" यशोदाबाई हसल्या. "आमनी गल्लीमा नळले पानी उनं का यान्हापेक्षा भारी आयकाले मियतंस! पन मधली पानं कोठे गयात? रेश्मा फौजदारनी खोलीमा शिरनी, आन् पान फाडेल! बठ्ठ्या बाया मना जीव खाई राह्यन्यात. बिबड्यासनं पीठ थंडं व्हई गयं."

"मग?"

"मंग पुढलं आमनी गल्लीनी गुंताबाईनी मनमाईन रची सांगं. लिखनाराले बी लाज वाटी, असं!"

म्हणजे तिची पानं लोक चोरून फाडून नेतात. ते ऐकून माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! मला फाडावंसंसुद्धा कोणाला वाटलं नाही.

चुकून नेलेलं मोजणीत धरत नाहीत, म्हणून नानांनी मला रद्दीच्या ढिगात टाकलं आणि ते रेश्मा दुरुस्त करायला बसले. तिची पाठ उसवली होती. आतून लावायला जाड, न वापरलेला कागद हवा होता. त्यांनी रद्दीच्या ढिगातून मला उचललं, पहिलं पान टरकन फाडलं आणि खळ लावून तिच्या पुठ्ठ्याला चिकटवलं. बाकीची सुमती पोत्यात गेली.

आता मी उरले एवढीच, एक पान. पण फिरते मात्र खूप. परवा प्रकाशने रेश्मा नेली. पुठ्ठा उघडताच म्हणाला, "आरे, परत हाईच!" ओळखलं त्याने मला. आणि बोट ओलं करून पुढे गेला.

वाचकांनो, जा तिच्याकडे, मी अडवत नाही. मुडदा कुठे पळून जात नाही. पण जाता जाता माझी पहिली ओळ तेवढी वाचा. त्या ओळीत सुमती दिवा लावते. तो लागेपर्यंत थांबा, मग उलटा पान.