सुनेच्या हाती स्टिअरिंग

क्रूझच्या सहलीसाठी मुलाचा व्हिसा नाकारल्याचं कळलं तेव्हा घरात सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं ते सासूनं.

"तू राहा घरी. आम्ही दोघी जाऊन येतो."

मुलगा पासपोर्ट हातात घेऊन नुसता बसून होता. चूक तशी साधी होती, पण नडली. सहल संपल्यावर पुढे निदान सहा महिने तरी पासपोर्टची मुदत शिल्लक असावी लागते, आणि त्याचा पासपोर्ट ते सहा महिने भरायच्या आधीच संपत होता. बायकोनं दोनदा आठवण करून दिली होती. त्यानं दोन्ही वेळा "बघतो गं" म्हणून सोडून दिलं होतं. आता नवा पासपोर्ट काढून पुन्हा व्हिसाला अर्ज करायला वेळच उरला नव्हता. जहाज काही कुणाच्या कागदांसाठी थांबत नाही.

"पण त्या घाटात गाडी कोण चालवणार?" त्यानं विचारलं.

"मी आहे ना," सासू म्हणाली, आणि विषय संपला.

सासूचे विषय असेच संपत. तिनं उभा जन्म इस्पितळात काढला होता. साधी नर्स म्हणून लागली आणि मेट्रन होऊन बाहेर पडली. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी शेजारीपाजारी, नातेवाईक, दूधवाला सगळे तिला मेट्रनच म्हणत. गाडी ती तरुणपणापासून चालवायची, तीही अशी की समोरच्यानं मुकाट्यानं बाजूला व्हावं. त्या बंदरामागचा कड्यावरचा रस्ता तिनं पहिल्यांदा पाहिला तो ड्युटीरूमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात. एका बाजूला सरळसोट कडा, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि मधून वळत वळत वर गेलेला रस्ता. महिना संपला तरी तिनं ते पान उलटू दिलं नव्हतं. सगळा क्रूझचा घाट त्या एका रस्त्यासाठी घातला होता.

सून अगदी वेगळ्या मुशीतली. ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, कुणाशी फारसं न बोलता. गाडीचा परवाना तिच्याकडे होता, पण नावापुरता. परवाना मिळाल्यावर थोड्याच दिवसांत भर चौकात, चढावर, तिची गाडी बंद पडली होती. मागून भोंग्यांचा असा गिल्ला झाला की ती चावी तशीच ठेवून गाडीतून उतरली आणि फुटपाथवर जाऊन उभी राहिली. शेवटी वाहतूक पोलिसानं गाडी बाजूला घेतली. त्यानंतर तिनं कानाला खडा लावला. नवरा ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला रंगवून सांगायचा, आणि तीही सगळ्यांबरोबर हसायची. आतून मात्र तिला ते लागायचं.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र ती पक्की होती. जहाज एका देशातून निघणार, मध्ये दुसऱ्याच देशाच्या बेटावर थांबणार आणि पुन्हा पहिल्या देशात येणार, हे तिनं नकाशावर पाहिलं होतं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असला तर बेटाकडे निघताच तो खर्ची पडणार. म्हणून तिनं तिघांच्याही अर्जात अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मागितला होता. मुलाचं जाणं रद्द झाल्यावर तिनं परदेशात गाडी चालवायचा परवानाही काढून घेतला. सासूचा काढायचाच होता, तर सासू म्हणाली, "तुझाही काढ. चालव म्हणून कुणी मागे लागणार नाही तुझ्या."

ज्या दिवशी बेटावरून परतून जहाज त्या घाटाच्या बंदराला लागलं, त्या सकाळी व्हिसाची ती काळजी किती रास्त होती ते दिसलं. तपासणीच्या खिडकीपाशी त्यांच्या पुढे एक जोडपं होतं, दोघंही नव्या टोप्या घालून अगदी तयार. अधिकाऱ्यानं त्यांचे पासपोर्ट चाळले आणि मान हलवली. त्यांचा प्रवेश आधीच वापरून झाला होता. दोघं परत जहाजाकडे वळली तेव्हा बाईनं टोपी काढून हातात घेतली होती. सुनेला वाईट वाटलं. पण आपल्या पासपोर्टवर शिक्का उमटल्याचा आवाज ऐकला तेव्हा तिची मान किंचित ताठ झाली, हेही खरं.

भाड्याच्या गाड्यांचं दुकान धक्क्याच्या बाहेरच होतं. काउंटरमागच्या माणसानं सासूचे कागद पाहिले, जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि अदबीनं म्हणाला, "माफ करा बाई, या वयापुढे आम्हाला गाडी देता येत नाही. विम्याचा नियम आहे."

"माझे डोळे तपासून घ्या," सासू म्हणाली. "रक्तदाब घ्या. तुमच्यापेक्षा कमीच निघेल."

"निघेलही. पण नियम माझ्या हातात नाही."

सासूनं मेट्रनचा आवाज काढला, मोठ्या साहेबाला बोलवायला लावलं, त्यालाही ऐकवलं. साहेबही अदबीनं तेच म्हणाला. मग त्याची नजर मागे पिशव्या धरून उभ्या असलेल्या सुनेकडे गेली. "यांच्याकडे परवाना आहे का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तिनं सासूकडे पाहिलं. सासू खिडकीबाहेर बघत होती. तिकडे, गावाच्या छपरांमागे, तो कडा दिसत होता. इतक्या जवळ आला होता की त्यावरच्या रस्त्याची रेघसुद्धा स्पष्ट दिसत होती. सासूची नजर त्या रेघेवरून हलत नव्हती, आणि ते सुनेला सोसलं नाही.

"आहे," ती म्हणाली. "पण मला क्लच नसलेली गाडी द्या. लहानात लहान."

गाडी लिंबाच्या रंगाची होती. स्टिअरिंग डावीकडे, आणि रस्त्याची बाजू उलटी. सून आत बसली आणि उजवीकडे पट्टा शोधू लागली.

"मला काहीच येत नाही, आई," ती म्हणाली.

"मग बरंच आहे. माझ्यासारखीला जुनी सवय मोडावी लागली असती. तुला मोडायला काही नाहीच. एवढंच ध्यानात ठेव, रस्त्याची मधली रेघ नेहमी तुझ्या कुशीला हवी. माझ्या कुशीला गटार."

गावातून बाहेर पडेपर्यंत सासू दर वळणाला सूचना देत होती: हळू, आरसा बघ, आता जा, अगं जा ना. मागच्या गाड्या भोंगे वाजवून पुढे जात होत्या. सुनेनं एक जागा पाहून गाडी कडेला घेतली, सगळ्यांना जाऊ दिलं, आणि मग पुन्हा रस्त्यावर आली. हे आपल्याला सुचलं आणि जमलंही, याचं तिलाच नवल वाटलं. चढ लागला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा दगडी कठडा आणि त्यापलीकडे नुसतं निळं. सून समुद्राकडे बघत नव्हती. सूक्ष्मदर्शकात बघावं तसं ती समोरच्या तुकड्याकडे बघत होती. हा तुकडा झाला की पुढचा.

अर्ध्या चढावर, एका आंधळ्या वळणानंतर, समोर बस उभी ठाकली.

पर्यटकांची मोठी बस, सगळा रस्ता व्यापून. तिच्या मागे गाड्यांची शेपटी. बसला मागे जाणं शक्यच नव्हतं. जायचं होतं ते लिंबू गाडीनं, त्या वळणावरून उलटं, खालच्या रुंद जागेपर्यंत. बसवाल्यानं एकदा भोंगा दिला, मग जरा थांबून लांबलचक दुसरा दिला.

त्या आवाजानं सुनेला तो चौक आठवला. दाराच्या कडीवर तिचा हात गेलासुद्धा. क्षणभर तिला फुटपाथ हवासा वाटला. पण इथे फुटपाथ नव्हता, आणि शेजारी जी बसली होती ती इतक्या वर्षांनी या रस्त्यावर आली होती.

"अगं, असं कर," सासू सुरू झाली, "आधी थोडं डावीकडे, नाही, थांब, तू उतर आणि मी..."

"आई," सून म्हणाली, "जरा वेळ बोलू नका."

सासूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. घरात आजवर हे वाक्य तिला कुणी ऐकवलं नव्हतं, तिच्या नवऱ्यानंसुद्धा नाही. तिनं तोंड मिटलं आणि हात मांडीवर घेतले.

सुनेनं कडीवरचा हात काढला. गाडी रिव्हर्सला टाकली. आरशात कठडा दिसत होता. त्याच्या आणि चाकाच्या मधली पट्टी तिनं नजरेत धरली आणि ब्रेकवरचा पाय अगदी केसभर सैल केला. गाडी मागे सरकली. पट्टी अरुंद झाली. ती थांबली, चाक वळवलं, पट्टी रुंद झाली. बसवाल्यानं पुन्हा भोंगा दिला. तो तिला ऐकू आला, पण दूरच्या कुणाच्या तरी घरात भांडं पडावं तसा. वळणावर मागचं काहीच दिसेना, तेव्हा तिनं काच खाली केली, मान बाहेर काढली आणि कठड्याच्या दगडांवर नजर ठेवून गाडी वळणातून काढली. मग रस्ता रुंद झाला, आणि गाडी खडकाला लागून सरळ उभी राहिली.

बस सावकाश शेजारून गेली. मधलं अंतर हातभरही नव्हतं. बसवाल्यानं काच खाली केली, काही न बोलता कपाळाला दोन बोटं लावली. मागच्या खिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढून हलवली.

"बोला आता," सून म्हणाली.

"मी असते तर," सासू म्हणाली, "खाली उतरून त्या बसवाल्याशी भांडले असते. आणि आपण अजून तिथेच असतो."

सून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं तसंच बाहीनं पुसून गाडी पुन्हा चढाला लावली. यावेळी एका वळणावर तिनं समुद्राकडेही पाहिलं. तो सरळ खाली होता, आणि त्यांचं एवढं थोरलं जहाज धक्क्याला साबणाच्या वडीएवढं दिसत होतं.

माथ्यावर दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. वाऱ्यानं सासूच्या केसांची पार दशा केली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कॅलेंडरवाल्यानं रंग कमी घातला होता." एवढंच. पण तिनं सुनेच्या हातावर हात ठेवला होता, आणि खाली उतरायची वेळ झाली तरी तो काढला नाही.

उतारावरच्या गावात घड्याळाचा मनोरा पाहून मात्र मेट्रनच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, जहाज गेलं! बघ किती वाजले."

"ते इथलं घड्याळ, आई. जहाज अजून बेटाच्याच वेळेनं चालतंय, एक तास मागे. सकाळी सांगितलं होतं त्यांनी. माझ्या मनगटावर जहाजाची वेळ आहे. आपल्याला चहा पिण्याइतकी सवड आहे."

आणि खरंच त्यांनी चहा घेतला. उरलेल्या वाटेवर सासूची मान सीटला टेकली आणि ती गाढ झोपली, तोंड थोडं उघडं टाकून. सुनेनं गाडी आणखी हळू केली.

गाडी ओरखडा न काढता परत दिली. जहाजाच्या जिन्यावर सुरक्षारक्षकानं कार्ड तपासलं, तेव्हा सासूनं त्याला न विचारता सांगितलं, "हिनं चालवली. अख्खा घाट." लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. वाढप्याला सांगितलं. रात्रीच्या जेवणाआधी मुलाचा फोन आला, तेव्हा तिनं तो आपल्याच कानाला लावला.

"कशी झाली सहल? गाडी तूच चालवलीस ना?"

"तुझ्या बायकोनं. आणि ती चौकातली गोष्ट आता कुणाला सांगायची नाहीस. मी तिथे असते तर मीही उतरले असते."

सून बाथरूममध्ये तोंड धूत होती. नळ तिनं तसाच चालू ठेवला, पण ऐकलं सगळं.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा सासूनं पलंगावर पुढच्या बंदराचा नकाशा पसरला होता आणि चष्मा कपाळावर चढवून त्यावर बोट फिरवत होती.

"हा एक रस्ता आहे," ती म्हणाली. "जरा लांबचा पडेल. मध्ये एक बोगदाही आहे."

सून नकाशावर वाकली. तिनं बोगदा पाहिला, त्यापुढचा समुद्रकाठ पाहिला, आणि शेवटी डोंगरावर चढलेली वेडीवाकडी रेघ पाहिली.

"आवरा मग लवकर," ती म्हणाली. "गाड्यांच्या काउंटरवर सगळ्यांत आधी पोचायला हवं."