घागरीतला आवाज

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी सोनगीरच्या गडाखालच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. धुळ्याहून, पारोळ्याहून जीप भरभरून माणसं आली होती. मधोमध पाटावर पितरांची मातीची घागर, तिच्या तोंडावर आंबा, आणि घागरीतून चार महिन्यांपूर्वी वारलेला नवल बोलत होता.

"तू जेवनी का? दार लाई ले."

गर्दीने हात जोडले. त्याच्या बायकोने, कोकिळाने, पदर तोंडाशी धरला. आवाज नवलचाच. तो ट्रकवर असायचा. लिहिता येत नव्हतं, म्हणून सुरतेहून, इंदूरहून फोनवर बोलून आवाजाचे निरोप पाठवायचा. तो गेला आणि तिच्याशी बोलणारं घरात कोणी उरलं नाही. अंगणात चिमण्या यायच्या. दाणे संपले की त्याही उडायच्या.

हा मंडप मांडणाऱ्या घागरबाबांनी तिचा फोन सात दिवस आसनाखाली ठेवून घेतला होता. तेव्हापासून घागर बोलू लागली होती.

"माउली, आत्मा त्या फोनात अडकलाय," बाबा म्हणाले. "फोन विहिरीत सोड, मग नवल कायमचा येईल. टॉवर नको, रिचार्ज नको, कनेक्शन थेट वरून."

कोकिळाने फोन मुठीत आवळला. त्यात नवलचे त्र्याण्णव निरोप होते. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. तरी ती उठली.

"अक्का, थांबा जरा." गावच्या शाळेतल्या मेघा मॅडम पुढे आल्या. "वैशाखात भरलेली घागर हाताला कशी लागते?"

"थंडगार. ओली."

"मग हिला हात लावून बघा."

"पितरांच्या घागरीत कोणी डोकावत नाही, मॅडम," गावातले म्हातारे उखर्डू आबा म्हणाले. बाबांनी नेमकं तेच हेरून घागर निवडली होती.

"डोकावू नका आबा. नुसता हात."

कोकिळाने तळवा टेकवला. घागर कोरडी होती, तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळासारखी गरम.

"आत्म्याची ऊब," बाबा हसले.

"असेल. अक्का, फोनवर कधीच बोलणं झालं नाही, असं काही त्यांना विचारा."

"प्रश्न मीच विचारणार. तसा नियम आहे," बाबा म्हणाले.

"का रे बाबा?" आबांना राहवलं नाही. "नवरा तिना शे का तुना?"

लोक हसले. कोकिळा नाही हसली. नवल शिरपूरजवळ ट्रकच्या केबिनमध्ये छातीत कळ येऊन गेला, एकटाच. तेव्हापासून एक प्रश्न तिने कोणालाच विचारला नव्हता.

"तुमले... त्या टाइमले खूप दुखनं का?"

खांबाआड बाबांचा चेला मोबाइलवर घाईघाईने बोट फिरवू लागला. मग घागर बोलली.

"सगळं ठीक शे. डिझेल भराले थांबेल शे." मागे ट्रकचा हॉर्न वाजला.

आता कोणीच हसलं नाही. कोकिळाने आंबा बाजूला ठेवला आणि घागरीत हात घातला. हाती आला तळहाताएवढा संगणक, त्याला जोडलेला स्पीकर आणि बॅटरी.

"असलेच स्वस्त संगणक यंदा शाळेत आलेत," मॅडम म्हणाल्या. "जुन्या टीव्हीला जोडले की मजुरांची पोरं इंटरनेटवर जगाचा नकाशा बघतात. चालू राहिला की तापतो. यांनी फोनातले निरोप यात भरले. चेला बटण दाबतो, हा वाजवतो. आणि फोन विहिरीत गेला की पुरावा बुडाला."

आबांनी बाबांच्या जीपची किल्ली काढून घेतली. कोणीतरी पोलिसांना फोन लावला.

मंडप रिकामा झाला तरी कोकिळा पाटाशीच बसून होती.

"मॅडम, मले पहिल्याच दिवशी समजेल व्हतं. तो हॉर्न त्यासना ट्रकना शे, निरोप जुनाच शेतस."

"मग रोज का येत होतात?"

"घरमा एक घड्याळच बोलस."

मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या. तिच्या या बोलण्याला उत्तर आपण द्यायला हवं. मेलेलं माणूस घागरीतून बोलत नाही. बोलतं ते यंत्र, आणि बोलवणारा खांबाआड असतो. म्हणून हात जोडण्याआधी नीट तपासा, प्रश्न आपले आपण विचारा. आणि आपल्या गल्लीतलं एखादं घर गप्प झालं असेल, तर संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. आपण नाही गेलो, तर तिथे कोणी बाबा जाईल.