धाकट्याच्या वाटणीची गोळी

थोरल्याला माती देऊन आम्ही परतलो. धाकट्यानं हातपायसुद्धा धुतले नाहीत. तसाच तबेल्यात घुसला, खुंटीवरची गाडीची साखळी ओढून काढली आणि अबलखाला झोडपायला लागला.

अबलख म्हणजे त्या घरचा बीजाचा घोडा, घोड्या फळवायला राखलेला. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, छाती दाराएवढी. त्यानंच थोरल्याला मारलं होतं. दोन्ही बाजूंनी दोर लावून त्याला ठाणावर जखडून ठेवला होता, त्यामुळं मार चुकवायला जागा नव्हती. साखळी पाठीवर पडली की फटका बाहेर अंगणात ऐकू यायचा. घोडा किंचाळत होता. घोड्याची किंकाळी ज्यानं ऐकली नाही त्याला सांगून कळायचं नाही, दातांत शिरते ती. शेजारच्या ठाणांतल्या घोड्या फळ्यांवर लाथा झाडायला लागल्या. सगळा तबेला हादरत होता.

मी आणि त्या दोघा भावांचे बाबा धावलो. माझं गवताचं कुरण त्यांच्या कुंपणाला लागून आहे. त्या घराशी माझी उठबस लहानपणापासूनची, आणि थोरला तर माझा जिवाचा दोस्त. मी धाकट्याला मागून कवेत धरलं. त्यानं कोपर मारून माझा ओठ फोडला. बाबा वयानं वाकलेले, पण ते घोडा आणि साखळी यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. उगारलेला हात धाकट्याला आवरला नाही. साखळी बाबांच्या खांद्यावर बसली आणि म्हातारा गुडघ्यावर आला.

"व्हा बाजूला, बाबा!"

"मार ना. मलापण मार. आज एकाला पुरलाय, दुसरा खड्डा खणायला माणसं अजून अंगणातच आहेत."

"भाऊ होता माझा!"

"आणि माझा कोण होता रे?"

धाकट्यानं साखळी टाकली आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. तेवढ्यात वहिनी दारात आली. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. ती सकाळपासून रडली नव्हती. डोळे कोरडे, आवाज सपाट.

"बंदूक काढा, बाबा," ती म्हणाली.

त्या घरात एक बंदूक होती. पाय मोडलेलं जनावर तडफडत ठेवायचं नाही म्हणून. बाबांनी ती क्वचितच उचलली असेल, आणि उचलली की दिवसभर जेवायचे नाहीत.

"पोरी, ह्याचा पाय मोडलेला नाही."

"माझा नवरा मोडलाय. बरगड्या हाताला लागत होत्या त्याच्या. बंदूक काढा."

बाबा फळीला धरून उठले. हा माणूस भारी देवभोळा. रोज पहाटे तबेल्याचं दार उघडायच्या आधी चौकटीला कपाळ टेकवून म्हणायचा, 'देवा, जनावरं तुझी, आम्ही राखणदार.' पाऊस असो, ताप असो, त्याच्याशिवाय कडी काढली नाही कधी. ते म्हणाले, "ज्याचं जनावर आहे त्याला विचारल्याशिवाय मी मारणार नाही."

"मग विचारा. आत्ता विचारा. मला ऐकू येईल असं मोठ्यानं विचारा."

बाबा चौकटीपर्यंत आले आणि तिथूनच माघारी फिरले. वहिनी वळून घरात गेली.

तसा अबलख वाईट चालीचा घोडा नव्हता, हे आम्ही सगळेच जाणत होतो. थोरल्यानं त्याला शिंगरू असल्यापासून वाढवलेला. थोरल्याची रीतच वेगळी. तरण्या घोड्याला माणसाळवायला तो महिनेच्या महिने घालवायचा. नुसता ठाणात जाऊन बसायचा, गाणं गुणगुणायचा, मानेवर हात ठेवायचा. धाकट्याला ते बघवायचं नाही. "घोडा आहे का जावई?" म्हणायचा. त्याला घाई फार. अबलखावर बसून गावासमोरून भरधाव जायचं त्याच्या मनात होतं, आणि थोरला म्हणायचा, "अजून नाही. अजून तो तोंडात लगाम मनापासून घेत नाही."

मग थोरला घोड्या घेऊन वरच्या कुरणावर चारायला गेला. अबलख घरी राहिला, त्याचं सगळं धाकट्याकडं. थोरला परत आला, अंगावरची धूळ झटकायच्या आधी अबलखाकडे गेला, रोजच्यासारखा त्याच्या तोंडावरनं हात फिरवायला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि सगळ्या वजनासकट त्याच्यावर उतरला. एकदा नाही, परत परत. आम्ही पोचेपर्यंत संपलं होतं.

का केलं घोड्यानं तसं, ते कुणाला उमजत नव्हतं. "जनावर शेवटी जनावर," असं लोक म्हणाले आणि घरी गेले.

त्यानंतर ते घर म्हणजे पेटलेली चूल झालं. धाकटा दिवसभर दारू पिऊन यायचा आणि अबलखाच्या नावानं शिव्या घालायचा. एकदा त्यानं तबेल्याला आग लावायला काडी ओढली, मी ती हातातच विझवली. घोड्यांच्या पिण्याची बादली त्यानं लाथेनं फोडली. एका बिचाऱ्या गाभण घोडीला उगाच चाबकाचा वळ उठेपर्यंत मारलं. बाबा बोलले तर बाबांच्या अंगावर जायचा. मी मनात म्हणायचो, भावावर किती जीव होता याचा! दुःखानं माणूस असा होतो.

वहिनी मात्र गप्प होती. आणि त्या गप्प बाईनं एका दुपारी, बाबा पडवीत पडले असताना, बंदूक उचलली.

पुढचं तिनंच मला सांगितलं. ती बंदूक भरून अबलखाच्या ठाणात शिरली. तिला वाटलं होतं, घोडा अंगावर येईल आणि काम सोपं होईल. पण तो मान खाली घालून उभा. समोरचा दाणा तसाच, गवताला तोंड लावलेलं नाही, पाण्यात तांबूस लाळ तरंगतेय. वहिनी घोड्यांच्या घरात वाढलेली. जनावर दाणा का सोडतं, हे बघितल्याशिवाय तिच्यानं राहवेना. तिनं बंदूक दाराला टेकवली. घोड्याचे दोर सैल केले, थोरला गुणगुणायचा तसं काहीतरी गुणगुणली आणि बोटानं त्याचा ओठ वर केला.

जिभेवर आडवी खाच, पार अर्ध्यापर्यंत. तोंडाचे दोन्ही कोपरे फाटलेले, काही जखमा जुन्या, खपली धरलेल्या, काही चिघळून पिवळ्या पडलेल्या. साखळीनं असं होत नाही. साखळी पाठीवर बसली होती.

ती तशीच खोगिरांच्या खोलीत गेली. पोती उपसली, जुनी जिनं फेकली. सगळ्यात खाली एक लगाम गुंडाळून ठेवलेला होता. घोड्याच्या तोंडात जाणाऱ्या कडीला काटेरी तार घट्ट वळवलेली. तारेत वाळलेलं रक्त आणि पांढरे केस.

मी त्याच वेळी गवताची गाडी घेऊन अंगणात आलो. धाकटा ओट्यावर जेवत होता. बाबा नुकतेच उठून तोंड धूत होते. वहिनी आली आणि तो लगाम तिनं धाकट्याच्या ताटात टाकला. कालवण उडून त्याच्या तोंडावर गेलं.

"ओळखतोस?"

धाकट्यानं ताट बाजूला सारलं.

"तुझा दादा वरच्या कुरणावर होता तेव्हा हे घातलंस ना अबलखाच्या तोंडात? बसायचं होतं ना तुला त्याच्यावर?"

"वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं..."

"घोड्यानं सांगितलं. जिभेचे दोन तुकडे व्हायचे राहिलेत त्याच्या, तरी सांगितलं. माझा नवरा तोंडावरनं हात फिरवायला गेला, आणि त्या मुक्या जिवाला वाटलं, आला परत तार घेऊन!"

"मला काय माहीत असं होईल!" धाकटा ओरडला. "थोडं वळण लावत होतो. सगळेच लावतात. मी सांगणार होतो दादाला, खरंच सांगणार होतो, तो आला तसा सरळ आतच गेला..."

"आणि तू हाक मारली नाहीस."

धाकट्यानं तोंडावरचं कालवण पुसलं.

बाबा पुढं आले. मला वाटलं, ते खाली बसतील, रडतील. त्यांनी ताटातला लगाम उचलला आणि तारेच्या बाजूनं धाकट्याच्या तोंडावर मारला. गाल कानापर्यंत फाटला. परत मारला. "वळण लाव! लाव वळण!" एवढंच ते म्हणत होते आणि मारत होते. मी त्यांना मागं ओढलं तर त्यांनी माझ्या हाताचा चावा घेतला. सगळा जन्म ज्यानं घोड्यावर चाबूक उचलला नाही, तो म्हातारा पोटच्या पोराला सोलत होता.

धाकटा रक्तानं भरलेलं तोंड धरून उठला आणि पळाला. फाटकाकडे पळाला असता तर काही झालं नसतं. तो तबेल्याकडे पळाला. भिंतीला टेकवलेलं गवत उचलायचं टोकेरी दाताळं त्यानं उचललं. "त्यालाच संपवतो! सगळं त्याच्यामुळं झालंय!" असं काहीतरी ओरडत होता.

वहिनीनं दोर सैल केलेले त्याला कुठं माहीत होतं?

आम्ही पोचलो तेव्हा दाताळं घोड्याच्या छातीत रुतून लोंबत होतं आणि अबलखानं धाकट्याचा खांदा दातांत धरला होता. घोडा माणसाला असा हलवतो, जसं कुत्रं चिंधी हलवतं. धाकट्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग घोड्यानं त्याला फळीवर आपटला, खाली पाडला आणि पुढचे गुडघे त्याच्या अंगावर टेकायला वाकला.

बंदूक दाराशीच होती. भरलेली. बाबांनी ती उचलली.

"नको!" वहिनी किंचाळली. तिनं बंदुकीची नळी धरली. "नको, बाबा! त्यानं काय केलंय? त्याला मारू नका, त्याची चूक नाही!"

"सोड, पोरी."

"माझ्यासाठी नाही उचललीत! तुमचा थोरला गेला तेव्हा नाही उचललीत!"

"सोड, गं!" बाबा रडत होते. "माझा एकच उरलाय."

त्यांनी तिला खांद्यानं ढकललं, ती लिदीत जाऊन पडली. एकच गोळी झाडली त्यांनी. कानामागं. अबलख क्षणभर तसाच उभा राहिला, मग त्याचे पाय एकदम गेले आणि तो धाकट्याच्या पायांवर कोसळला. धाकट्याला ओढून काढायला मला आणि बाबांना पहारीनं घोडा उचलावा लागला. वहिनीनं हात लावला नाही. ती घोड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

धाकटा जगला. डावा हात मात्र खांद्यापासून गेला, आणि गालावरची शिवण बघून पोरं घाबरायची.

अबलखाला आम्ही कुरणाच्या वरच्या कडेला पुरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेलो तेव्हा बाबा तबेल्याच्या दारात नुसते उभे. आत घोड्या खूर आपटत होत्या. कपाळ टेकलेलं नाही, कडी काढलेली नाही.

"काय म्हणू?" त्यांनी मला विचारलं. "राखणदार म्हणू स्वतःला?"

 मागून वहिनी दाण्याच्या पाट्या घेऊन आली. म्हणाली, "म्हणायचं असेल तर म्हणा, नसेल तर सरका. घोड्या उपाशी आहेत."

बाबा सरकले. कडी तिनंच काढली. आत जाताना ती थांबली आणि त्यांच्याकडं न बघता बोलली, "मी नसती झाडली गोळी, बाबा. खोटं कशाला बोलू? पण मी त्याची आई नाही."

बाबा तिच्या मागोमाग आत गेले आणि पाट्या धरायला लागले. त्यानंतर मी त्यांना प्रार्थना करताना बघितलं नाही. करतही असतील मनात, विचारायला माझी जीभ धजली नाही. वहिनीला माहेरची माणसं न्यायला आली होती. तिनं त्यांना चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत लावलं. म्हणाली, "गाभण घोड्या टाकून कुठं येऊ? इथलं माझ्याशिवाय कुणाला येतंय आता?"

खरंच होतं ते. थोरल्याची रीत तिला ठाऊक होती. पुढं पावसाळा संपता संपता एका घोडीला अबलखाचंच शिंगरू झालं. वहिनी त्याच्या ठाणात जाऊन तासन् तास बसायची, गुणगुणायची.

धाकटा चालायला लागल्यावर एक दिवस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मी कुंपणाचे खांब ठोकत होतो, मला सगळं ऐकू येत होतं. त्याच्या उरलेल्या हातात चाबूक होता. तो त्यानं तिच्या पायाशी ठेवला आणि ओणवा झाला.

"वहिनी, मला मारा. तुम्हाला हवं तेवढं मारा. मी हूं की चूं करणार नाही. नाहीतर मला जाऊ द्या कुठंतरी लांब."

वहिनी शिंगराला खरारा करत होती. तिचा हात थांबला नाही.

"मारलं की तुला वाटेल, झालं एकदाचं. तेवढं सोपं नाही करून देणार मी तुला. आणि जायचंही नाही कुठं."

"मग काय करू?"

"पलीकडच्या ठाणात लीद साचलीय. घमेलं घे."

 तो उठला. एका हातानं भरलेलं घमेलं उचलायला जमत नाही. त्यानं ते पोटाशी धरून बघितलं, सांडलं. गुडघ्यावर बसून हातानं सगळं परत गोळा केलं. शेवटी काठ दातांत धरला, खालनं हात लावला आणि उकिरड्याकडं निघाला.